१८१८ चा एक आणा

मालेगावात मोसम पुलाच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या दुकान चालवणाऱ्या माणसाच्या गल्ल्यात एक कप्पा न चालणाऱ्या नाण्यांचा असतो. ३० जून २०११ नंतर चलनातून गेलेले चार आणे त्यात पडलेले असतात, मुलांच्या खेळाच्या मशीनचं एखादं टोकन असतं, उमऱ्याहून परतलेल्या गिऱ्हाइकाच्या खिशातून सुट्ट्या पैशांबरोबर आलेला सौदीचा हलालाही असतो. आणि बऱ्याचदा असतं एक जाडजूड पिवळं नाणं. त्याच्या एका बाजूला राम, सीता, लक्ष्मण आणि पायाशी हनुमान. दुसऱ्या बाजूला इंग्रजीत ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, ‘वन आना’ ही किंमत आणि साल १८१८. दुकानदार ते फेकत नाही. देवाचं आहे म्हणून, आणि कधीतरी याचे लाखो रुपये येतात असं कुणीतरी सांगितलेलं असतं म्हणूनही.

उत्तर आधीच सांगून टाकतो. या नाण्याची किंमत त्यातल्या पितळेएवढी आहे. हौशी माणूस भेटला तर त्याहून थोडी जास्त. ते ईस्ट इंडिया कंपनीनं पाडलेलं नाही, १८१८ सालचं नाही, आणि मुळात ते चलनच नाही. पण हे नुसतं सांगून भागत नाही, कारण ‘खोटं आहे’ हे वाक्य या शहरातल्या माणसानं अनेकदा ऐकलेलं असतं आणि त्यावर त्याचा विश्वास बसलेला नसतो. ते कसं ओळखायचं हे कळलं, तर पुढचं नाणं तो स्वतःच पारखेल.

१८१८ हे साल तपासून पाहायला मालेगावइतकी चांगली जागा दुसरी नाही. त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीच्या फौजेनं इथल्या भुईकोट किल्ल्याला वेढा दिला. नारोशंकर राजेबहाद्दरांनी अठराव्या शतकात बांधलेला हा किल्ला तेव्हा अरब शिपायांच्या ताब्यात होता. त्यांनी चिवटपणे झुंज दिली आणि जूनच्या मध्यावर किल्ला कंपनीकडे गेला. म्हणजे नाण्यावरच्या सालात कंपनी या गावाच्या वेशीत खरोखर उभी होती. मग तेव्हा इथल्या बाजारात कुठला पैसा फिरत होता?

चांदीत होता चांदोरी रुपया. मालेगावहून मुंबईच्या दिशेनं निघालं की महामार्गावर चांदवड लागतं, तिथे होळकरांची टांकसाळ होती. रुपया होळकरांचा, पण त्यावर नाव दिल्लीच्या मुघल बादशहाचं, लिपी फारसी आणि टांकसाळीचं नाव ‘जाफराबाद उर्फ चांदोर’. तांब्यात शिवराई होती. शिवाजी महाराजांनी सुरू केलेला हा पैसा मराठी राज्य बुडाल्यावरही बाजारात चालत राहिला. आणि खुद्द कंपनीची नाणी? मुंबई इलाख्यातल्या तिच्या चांदीच्या रुपयावर शाह आलम बादशहाचं नाव होतं. शाह आलम १८०६ साली वारला होता, तरी कंपनी त्याच्याच नावानं रुपये पाडत होती, कारण लोक तोच शिक्का ओळखत. तिच्या तांब्याच्या पैशांवर एका बाजूला तराजू आणि फारसीत ‘अदल’, म्हणजे न्याय, असा शब्द असे.

कंपनीनं नाण्यावर देव कधीच घातला नाही, असं मात्र कुणी ठोकून सांगितलं तर ते चूक ठरेल. मद्रासकडे तिनं सोन्याचे पॅगोडे पाडले आणि त्यावर दक्षिणेतल्या जुन्या रिवाजाप्रमाणे विष्णूची आकृती ठेवली. त्यामुळे ‘देव आहे म्हणून खोटं’ ही परीक्षा चालत नाही. पकडायचं ते दुसऱ्या बाजूला. साऱ्या हिंदुस्थानासाठी एकसारखी नाणी आणि त्यावर इंग्रजीत ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, ही व्यवस्था १८३५ च्या कायद्यानं आली. त्या मालिकेतही तांब्याची नाणी अर्ध्या आण्यापर्यंतचीच. एक आण्याचं नाणं चलनात आलं ते १९०७ मध्ये, सातव्या एडवर्डच्या काळात, तांबं आणि निकेल यांच्या मिश्रधातूचं, लहरी कडेचं. तोवर कंपनीचं राज्य जाऊन जवळजवळ अर्धं शतक झालं होतं आणि १८७४ साली खुद्द कंपनीही विसर्जित झाली होती. कंपनीचा एक आणा म्हणून जे काही हातात येतं, ते त्या एका शब्दावरच अडतं. साल १८१८ असो, १८३९ असो किंवा १६१६.

मग हे बनवलं कुणी आणि कशासाठी? देवाचं चित्र असलेलं नाणं बाळगण्याची आपल्याकडची रीत फार जुनी आहे. रामपट्टाभिषेकाचं दृश्य असलेल्या या मुद्रांना रामटंका म्हणतात. त्या देवघरात ठेवण्यासाठी, पूजेसाठी, यात्रेची आठवण म्हणून बनत. सोन्या-चांदीतल्या दोन-तीनशे वर्षांपूर्वीच्या रामटंका आजही संग्राहकांकडे आहेत आणि त्यांना चांगला भाव मिळतो. त्या कधीच चलन नव्हत्या आणि तसा दावाही त्यांच्यावर कोरलेला नव्हता. विसाव्या शतकात कुणीतरी त्याच चित्रामागे कंपनीचं नाव आणि एक जुनं साल घातलं. पूजेची वस्तू त्या एका बदलानं खोटी झाली. चित्र तेच, भक्ती तीच. खोटं शिरलं ते मागच्या बाजूच्या तीन ओळींतून.

त्या तीन ओळींवर केवढी फसवणूक उभी आहे, हे पाहिलं की मनाला लागतं. ‘राइस पुलर’ नावाचा प्रकार वाचकांपैकी काहींच्या कानावर आला असेल. अमुक सालचं तांब्याचं कंपनीचं नाणं किंवा भांडं वीज पडून दिव्य झालं आहे, ते तांदळाचे दाणे ओढून घेतं, त्यात दुर्मीळ धातू आहे आणि परदेशातली अंतराळ संस्था ते कोट्यवधींना विकत घेणार आहे, अशी गोष्ट सांगितली जाते. प्रात्यक्षिकात दाणे खरोखर सरकतातही, कारण तांदळाला आधी लोखंडाचा बारीक कीस लावलेला असतो आणि वस्तूत चुंबक दडवलेलं असतं. मग ‘तपासणी’साठी शास्त्रज्ञ बोलवायचे, त्यांचे खास पोशाख आणायचे, प्रयोगशाळेची फी भरायची. पैसे प्रत्येक पायरीवर नाणं घेणाऱ्याच्याच खिशातून जातात. मे २०१८ मध्ये दिल्ली पोलिसांनी अशा एका प्रकरणात बापलेकांना अटक केली. त्यांनी एका व्यापाऱ्याला दीड कोटींच्या आसपास गंडा घातला होता. तांबं तांदळाला ओढत नाही. कुठल्याच सालचं ओढत नाही.

याहून साधी आणि जास्त पसरलेली फसवणूक फोनवर होते. ‘वैष्णोदेवीचं नाणं आहे का? दहा लाख मिळतील.’ वैष्णोदेवीचं चित्र असलेली पाच आणि दहा रुपयांची नाणी खरी आहेत. देवस्थान मंडळाच्या पंचवीस वर्षांनिमित्त ती सरकारनंच पाडली, त्यावर २०१२ हे साल आहे, आणि ती भरपूर संख्येनं चलनात आली. त्यांची किंमत पाच रुपये आणि दहा रुपये. पण विकणाऱ्याला सांगितलं जातं की व्यवहार पक्का झाला, आता फक्त नोंदणी शुल्क, मग जीएसटी, मग कमिशन भरा. कधी तर रिझर्व्ह बँकेच्या नावाचं पत्रच येतं. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं जाहीरपणे सांगितलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत ती पडत नाही, कुणाकडून शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि आपल्या वतीनं ते गोळा करण्याचा अधिकार तिनं कुणालाही दिलेला नाही. यंत्रमागावर बारा-बारा तास उभं राहून साठवलेले पाच-दहा हजार अशा ‘नोंदणी’त जातात, ही गोष्ट लहान नाही. नाणं विकण्यासाठी आधी पैसे मागणारा माणूस गिऱ्हाईक नसतो. एवढं जरी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि नव्यानं फोन हाती आलेल्या मुलांना कळलं, तरी या प्रकरणाचं अर्धं काम झालं.

उलटी गंमतही आपल्या बाजारांनी पाहिली. खरं नाणं खोटं ठरलं. दहा रुपयांच्या नाण्यावर किरणांच्या रेघा दहा की पंधरा, रुपयाचं नवं चिन्ह आहे की नाही, यावरून वाद घालून लोक ते घेईनासे झाले. रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०१६ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०१८ मध्ये खुलासा केला. तोवर दहाचं नाणं चौदा वेगवेगळ्या नमुन्यांत निघालं होतं आणि सगळे नमुने वैध होते. चिन्ह नसलेलं नाणं जुनं, एवढाच फरक, कारण ₹ हे चिन्हच २०१० मध्ये स्वीकारलं गेलं. नाणे अधिनियम, २०११ प्रमाणे रुपया आणि त्यावरची नाणी एका वेळी हजार रुपयांपर्यंत देण्यासाठी कायदेशीर आहेत. खऱ्या अर्थानं बनावट नाणं, म्हणजे चलनी नाण्याची फसवण्यासाठी केलेली नक्कल, हा वेगळा आणि गंभीर गुन्हा आहे. ते बनावट आहे हे माहीत असून दुसऱ्याच्या हातात सरकवणं हाही गुन्हाच. असं नाणं हाती आलं तर ‘माझ्याकडे आलं तसं पुढे जाऊ दे’ म्हणू नये. बँकेत दाखवावं. रामदरबाराचं नाणं या वर्गात येत नाही, कारण आजच्या कुठल्याच चलनाशी त्याचं साम्य नाही. पण कंपनीच्या काळातलं म्हणून ते कुणाला विकलं, तर ती सरळ फसवणूक होते.

इथवर वाचून ‘नक्कल म्हणजे कवडीमोल’ असं कुणाला वाटलं, तर थांबावं लागेल. आपल्याच घरात याच्या उलट पुरावा आहे. आजीच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ आठवा. पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचं सोन्याचं नाणं, डुकाट. ते १२८४ पासून पाडलं जात होतं, वजन साधारण साडेतीन ग्रॅम, सोनं जवळजवळ शुद्ध. त्यावर संत मार्कसमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा राज्यप्रमुख दिसतो. व्यापाराबरोबर ही नाणी पश्चिम किनाऱ्यावर आली, त्यांच्या सोन्यावर लोकांचा भरवसा बसला, आणि आपल्या सोनारांनी त्यांच्या नकला घडवायला सुरुवात केली. लॅटिन येत नव्हतं, म्हणून अक्षरांच्या जागी अक्षरांसारख्या रेघा आल्या. संताचा झगा बदलला, चेहरे आपल्याकडचे झाले. पुढे पुतळी हा दागिना स्वतःच्या पायावर उभा राहिला. नाणेशास्त्राच्या सूचींत या भारतीय नकलांना स्वतंत्र जागा आहे आणि लिलावात त्या नक्कल म्हणूनच, पण सोन्याच्या भावापेक्षा जास्तीनं विकल्या जातात. इथे नकलेनं कुणाला लुबाडलं नाही. सोनं खरं होतं.

याहून जुनं उदाहरण धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं. सातवाहनकाळात तिथल्या लोकांनी रोमन नाण्यांचे ठसे घेऊन मातीची पदकं केली, त्यांना भोक पाडून गळ्यात घातलं. दोन हजार वर्षांपूर्वीची ही हौसेची नाणी. मातीला मोल नाही, पण रोमचं नाणं तेरच्या माणसाला किती आवडलं होतं हे त्या मातीशिवाय आपल्याला दुसरं कुणी सांगितलं नसतं. ती आज संग्रहालयात आहेत.

आणि नाशिक जिल्हा तर या बाबतीत श्रीमंतच. १९०६ साली गोदाकाठच्या जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त. नाणी क्षहरात राजा नहपानाची. त्यावर राजाचा मुखवटा, आणि भोवती त्याचं प्राकृत नाव ग्रीक अक्षरांत, कारण या प्रदेशात आधीपासून ग्रीक राजांच्या नाण्यांची पत होती आणि नहपानानं त्यांचाच घाट उचलला होता. म्हणजे ही नाणी एका परीनं नकलाच. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला शिक्का मारला. नहपानाला हरवल्यावर त्यानं ती वितळवली नाहीत. शत्रूच्या चेहऱ्यावरच आपली खूण उमटवून पुन्हा बाजारात आणली. या दोन राजांचा संघर्ष नाशिकच्या लेण्यांतल्या शिलालेखांत आहेच, पण त्याचा हातात धरता येईल असा पुरावा म्हणजे ही दोनदा शिक्का बसलेली नाणी.

मालेगावच्या शेजारी बागलाणात देवळाणे आहे. तिथे कलचुरी राजा कृष्णराजाची चांदीची नाणी सापडली. लहानशी, एका बाजूला राजाचं मस्तक, दुसऱ्या बाजूला नंदी. सहाव्या शतकातल्या या राजाचा चेहराही खरा त्याचा नाही. नहपानासारख्या क्षत्रपांच्या नाण्यांवरचं मस्तक पिढ्यान्‌पिढ्या उतरवत उतरवत इथवर आलं. पण चांदी चोख होती, म्हणून लोकांनी ती इतकी मानली की त्याच्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी, इसवी सन ७१० च्या आसपास, भोगशक्ती नावाच्या राजानं अंजनेरीच्या ताम्रपटात दंडाच्या रकमा ठरवल्या, त्या ‘कृष्णराज-रुपका’तच. ज्या अंजनेरीचा हा ताम्रपट, तिथेच आज भारतीय मुद्राशास्त्र संशोधन संस्था आहे आणि तिचं नाण्यांचं संग्रहालयही. डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांच्यासारख्या जाणत्या माणसानं ती उभारली. त्र्यंबकेश्वरला जाणाऱ्यानं वाट थोडी वाकडी करून ते पाहावं, असं मी आग्रहानं म्हणेन. पुस्तकातल्या दहा पानांपेक्षा तिथे हातभर अंतरावरून दिसणारं एक नाणं जास्त शिकवतं.

पूर्वीचा सराफ ‘खरं की खोटं’ असा एकच प्रश्न विचारत नसे. परमुलखातला रुपया आला की तो वाजवून पाही, तोली, कधी टोचून आतली चांदी तपासी आणि मग किती बट्टा कापायचा ते सांगे. चांदोरीला एक बट्टा, दुसऱ्या टांकसाळीच्या रुपयाला दुसरा. आपणही हातातल्या नाण्याला तेच प्रश्न विचारायचे. धातू कुठला? घडवलं कधी? आणि घडवताना कुणाला फसवायचा हेतू होता का?

यात सर्वांत जास्त जपायला हवं ते चांदीच्या राणीछाप आणि राजाछाप रुपयांना. घरोघरी ते लक्ष्मीपूजनाला निघतात, आणि त्यांच्या पांढऱ्या धातूच्या नकला आज सर्रास मिळतात. खऱ्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुन्या मापाचा एक तोळा. १९३९ पर्यंत त्यात ९१.७ टक्के चांदी होती. १९४० पासून ती निम्म्यावर आली आणि १९४७ चे रुपये निकेलचे. वजनकाट्यावर अर्ध्या ग्रॅमचा फरक दिसला तर संशय घ्यावा. कडेवर ओतकामाची रेघ दिसली, पृष्ठभागावर बारीक खड्डे दिसले, तर नाणं शिक्क्यानं पाडलेलं नाही, साच्यात ओतलेलं आहे. १९३९ चा रुपया दुर्मीळ म्हणून १९३८ च्या आठाचा नऊ करणारे लोक असतात, तेव्हा शेवटचा आकडा भिंगाखाली पाहावा. आणि कृपा करून जुनं नाणं चिंच-मिठानं घासू नये. वर्षांनी चढलेला काळपट थर गेला की संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत निम्मीही राहत नाही.

शेतात नांगरताना जुनी नाणी सापडली तर गोष्ट वेगळी. १८७८ चा निधी कायदा अजून लागू आहे, आणि जमिनीत दडलेला दहा रुपयांवरचा कुठलाही ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. जोगलटेंभीची नाणी गुपचूप सोनाराच्या मुशीत गेली असती, तर गौतमीपुत्राच्या त्या शिक्क्याबद्दल आज कुणाला काही कळलं नसतं.

राहता राहिली आजची हौस. मालेगावच्या लोकांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला, तेव्हा तो खरा ‘शोले’ आहे असं कुणी म्हटलं नाही. गावाचं नाव शीर्षकातच होतं, म्हणून ती नक्कल निखळ राहिली. नाण्यांच्या प्रतिकृतींना हे करायला काय हरकत आहे? अमेरिकेत १९७३ पासून कायदाच आहे की संग्राह्य नाण्याच्या प्रतिकृतीवर ‘नक्कल’ हा शब्द ठसठशीत कोरलेला असला पाहिजे. आपल्याकडे शिवराई होनाच्या प्रतिकृती आज हजारो मराठी घरांत आहेत. महाराजांच्या राज्याभिषेकाला ३५० वर्षं झाली तेव्हा त्या भेट म्हणून वाटल्या गेल्या, रायगडाच्या वाटेवर विकल्या गेल्या. प्रेमानं घेतलेल्या या वस्तू आहेत आणि त्या घ्याव्यातच. पण मूळ सोन्याचा होन अत्यंत दुर्मीळ आहे, नावाजलेल्या संग्रहांतसुद्धा मोजकेच. सोन्याचा मुलामा दिलेली, सालाशिवायची प्रतिकृती पन्नास वर्षांनी एखाद्या ट्रंकेत सापडेल, तेव्हा घरातल्या मुलांना ती पणजोबांची ठेव वाटेल, आणि बाहेर त्यांना ‘नोंदणी शुल्क’ मागणारा कुणीतरी भेटेलच. होन बनवणाऱ्यांनी कडेवर बारीक अक्षरांत ‘प्रतिकृती’ आणि साल कोरावं. तोवर आपण एवढं करू शकतो की डबीत एक चिठ्ठी ठेवायची: कुठे घेतला, कोणत्या वर्षी, किती रुपयांना.